बघ्यांशी बोला : वर्गातला छळ थांबवण्यात मुलांचा वाटा



आज आपण बुलिंग या विषयावर बोलणार आहोत. शब्द इंग्रजी असला तरी गोष्ट आपल्या चांगल्याच ओळखीची आहे. चिडवणं, टर उडवणं, दादागिरी, खेळात न घेणं, सगळ्यांनी मिळून एकाला वाळीत टाकणं हे सगळं त्यात आलं. 'पोरांचं चालायचंच' असं म्हणून आपण हा विषय बऱ्याचदा सोडून देतो. मीही सोडून दिला होता. त्याची आधी गोष्ट सांगते, मग मुद्द्याकडे वळू.

आमच्या शाळेपासून साखर कारखाना जवळच आहे. दरवर्षी दिवाळी झाली की ऊसतोडीच्या टोळ्या येतात आणि हजेरीपटावर काही नवी नावं चढतात. बीडकडची, जालन्याकडची मुलं शिक्षण हमी कार्ड घेऊन येतात, चार-पाच महिने बसतात आणि हंगाम संपला की जातात. काही वर्षांपूर्वी सातवीच्या वर्गात असाच एक मुलगा आला. अंगाने बारीक, गणितात हुशार. दुसऱ्याच दिवशी मी पुस्तक काढायला सांगितलं तर उभा राहून म्हणाला, "मॅडम, महं पुस्तक कोपीवर ऱ्हायलं."

वर्ग खो खो हसला. आणि खरं सांगायचं तर मीही हसले. वाईट हेतूने नाही, तो शब्द कानाला गोड लागला म्हणून. पण वर्गाला आपला हेतू दिसत नाही, मॅडम हसल्या एवढंच दिसतं.

त्या दिवसापासून त्याचं नाव 'कोप्या' पडलं. मधल्या सुट्टीत 'महं महं' असा कोरस व्हायचा. खिचडीच्या पंगतीत त्याच्या दोन्ही बाजूंना एकेक माणूस मावेल एवढी जागा रिकामी राहायची. एकदा त्याची वही पाण्याच्या टाकीत सापडली. हे सगळं मला कळायला तीन आठवडे लागले, आणि तेही वहीमुळे. तो स्वतः एक शब्द बोलला नव्हता.

मग आपण सगळे जे करतो तेच मी केलं. म्होरक्या कोण ते शोधून काढलं, त्याला सगळ्यांसमोर झापलं आणि दोघांना पुढे बोलावून म्हटलं, "सॉरी म्हण. हात मिळव." त्यांनी हात मिळवला. माझ्या मते विषय संपला.

पुढचे पाच दिवस तो मुलगा शाळेत आला नाही. सहाव्या दिवशी मी त्यांच्या फडावर गेले. तेव्हा कळलं की हात मिळवला त्याच संध्याकाळी परतीच्या वाटेवर त्याच्या चपला उभ्या उसात फेकून दिल्या होत्या आणि तो धसकटांतून अनवाणी कोपीवर आला होता. पायाला फडकं बांधलेलं होतं. त्याची आई मला म्हणाली, "मॅडम, तुम्ही नका मनावर घेऊ. मी समजावते त्याला. चार म्हैन्याचं तर काम हाय." ज्याचा छळ झाला त्यालाच समजवायचं, हे त्या माउलीने गृहीत धरलं होतं. मला काय बोलावं ते सुचलं नाही.

शाळेत परतल्यावर एका मुलीने मला जे सांगितलं त्याने माझी विचार करण्याची पद्धतच बदलली. ती म्हणाली, "मॅडम, तो एकटा काही करत नव्हता. आम्ही हसायचो म्हणून त्याला चेव यायचा."

भांडण आणि छळ यांतला फरक

आधी हा फरक नीट समजून घेऊ, कारण माझी पहिली चूक इथेच झाली होती. दोन मुलं क्रिकेटच्या आउटवरून भांडली, एकमेकांना ढकललं, तर ते भांडण. दोघांची ताकद साधारण सारखी, कारण समोर असलेलं, आणि उद्या ती दोघं परत एका बाकावर. छळाचं तसं नसतं. नॉर्वेतले मानसशास्त्रज्ञ डॅन ओल्वेउस यांनी या विषयाचा शास्त्रीय अभ्यास सुरू केला. त्यांनी सांगितलेल्या तीन खुणा आजही सगळीकडे वापरल्या जातात : त्रास मुद्दाम दिलेला असतो, तो पुन्हा पुन्हा होतो आणि दोन्ही बाजूंची ताकद सारखी नसते. ही ताकद म्हणजे फक्त दंड नव्हे. गावातलं घराणं, जात, घरचा पैसा, बोलण्याची पद्धत, मार्क, रंग, वजन, आपल्या बाजूने हसणारी दहा पोरं, हे सगळं ताकदीतच येतं.

म्हणून भांडणात समेट चालतो आणि छळात तो उलटतो. हात मिळवायला लावणं म्हणजे 'दोघांचीही थोडी थोडी चूक आहे' असं जाहीर करणं. ज्याची काहीच चूक नाही त्याला ते सगळ्यांसमोर मान्य करावं लागतं आणि त्रास देणाऱ्याला झापल्याचा राग काढायला शाळेबाहेरची वाट मोकळी असते. माझ्या वर्गात नेमकं तेच झालं.

ओल्वेउस यांचं काम देशव्यापी होण्यामागे एक दुःखद प्रसंग आहे. १९८२ च्या अखेरीस उत्तर नॉर्वेत तीन शाळकरी मुलांनी आत्महत्या केल्या आणि त्यामागे सोबत्यांनी केलेला छळ असावा असं पुढे आलं. पुढच्याच वर्षी सरकारने सगळ्या देशात मोहीम सुरू केली. बर्गन शहरातल्या ४२ शाळांमध्ये सुमारे अडीच हजार मुलांवर ओल्वेउस यांनी आपला कार्यक्रम तपासून पाहिला, तेव्हा छळाचं प्रमाण जवळपास निम्म्यावर आलं. त्यात जादूचं काही नव्हतं. मधल्या सुट्टीत शिक्षकांची नीट देखरेख, वर्गाने मिळून ठरवलेले नियम, वर्गात नियमित चर्चा आणि पालकांशी गंभीरपणे बोलणं. यातलं एकही काम आपल्याला अशक्य नाही, फक्त ते वर्षभर करावं लागतं.

बघे काय करतात?

त्या मुलीने मला जे एका वाक्यात सांगितलं, त्यावर फिनलंडच्या तुर्कू विद्यापीठातल्या क्रिस्तिना सालमिवाल्ली यांनी मोठं काम केलं आहे. १९९६ साली त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिलं की छळ हा दोघांचा मामला नसतोच, त्यात अख्खा वर्ग सामील असतो. एक जण सुरुवात करतो. एक-दोघं त्याला मदत करतात, म्हणजे धरून ठेवणारे, दप्तर पळवणारे. काही जण हात लावत नाहीत, पण हसतात, शिट्ट्या मारतात, 'अजून एकदा' म्हणतात. बरेच जण नजर वळवून आपापल्या डब्यात बघतात. आणि एखाद-दुसरा त्रास होणाऱ्याच्या बाजूने उभा राहतो.

आपल्या वर्गातल्या पटावर ही नावं मनातल्या मनात टाकून बघा. मी टाकली तेव्हा म्होरक्या एक होता, मदतनीस दोन, हसणारे दहा-बारा. उरलेली जवळजवळ वीस मुलं 'आम्हाला काय त्याचं' या गटात होती. आणि मी सगळा जोर त्या एकावर लावला होता!

कॅनडात संशोधकांनी शाळेच्या मैदानावर कॅमेरे आणि मायक्रोफोन लावून मुलांचं वागणं टिपलं. त्याचा २००१ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास मला फार महत्त्वाचा वाटतो. छळाच्या १०० पैकी ८८ प्रसंगांत इतर मुलं तिथे हजर होती. त्यांनी मध्ये पडून काही केलं ते फक्त १९ प्रसंगांत. पण जेव्हा जेव्हा मुलं मध्ये पडली, त्यातल्या निम्म्याहून अधिक वेळा, ५७ टक्के वेळा, छळ दहा सेकंदांच्या आत थांबला. आपली चौकशी, चिठ्ठी, पालकांना बोलावणं यात चार दिवस जातात आणि बाजूच्या मुलाच्या 'ए, बस कर ना' ने दहा सेकंदांत काम होतं.

मग मुलं मध्ये का पडत नाहीत? मी माझ्या वर्गाला नाव न घालता कागदावर लिहायला सांगितलं. 'उद्या माझा नंबर लागेल' हे उत्तर अपेक्षितच होतं. पण बऱ्याच जणांनी लिहिलं, 'बाकीच्यांना काही वाटत नाही, मग मी एकटाच कशाला?' गंमत बघा, हे वाक्य वेगवेगळ्या बाकांवरच्या मुलांनी लिहिलं होतं. म्हणजे वाटत सगळ्यांना होतं, पण आपल्याला एकट्यालाच वाटतंय असा प्रत्येकाचा समज होता. मी ते कागद मिसळले आणि अक्षर ओळखू येऊ नये म्हणून स्वतः वाचून दाखवले. वर्गात त्या दिवशी वेगळीच शांतता होती. एवढी एक कृती तुम्ही जरूर करून बघा, कागदापलीकडे खर्च काही नाही.

वर्गात काय करता येतं?

फिनलंडमध्ये सालमिवाल्ली यांच्या कामातूनच 'किवा' नावाचा कार्यक्रम उभा राहिला आणि २००९ पासून तो देशभरातल्या शाळांमध्ये गेला. 'छळाच्या विरोधात' अशा अर्थाच्या फिनिश शब्दांचं ते लघुरूप आहे आणि फिनिश भाषेत किवा म्हणजे छान! त्यात प्राथमिकच्या मुलांसाठी वर्षभरात दहा दुहेरी तास असतात. आपल्याकडे वेळापत्रकात एवढे तास कुठून आणायचे, हा प्रश्न कुणीही विचारेल. मी परिपाठातली दहा मिनिटं आणि महिन्यातला शनिवारचा एक तास वापरते.

त्यातली मला सगळ्यात पटलेली गोष्ट अशी. एखाद्या मुलाचा छळ होतोय असं कळलं की शिक्षक वर्गातल्या दोन ते चार मुलांना वेगळं बोलावतात. ही मुलं समजूतदार असावीत आणि वर्गात त्यांचं वजनही असावं. त्यांना 'त्या म्होरक्याला अडवा' असं सांगत नाहीत. 'याचे दिवस जरा बरे जावेत म्हणून तुम्ही काय करू शकाल?' एवढंच विचारतात. मी हे त्या ऊसतोडीच्या मुलाच्या बाबतीत करून पाहिलं. कबड्डीच्या संघातला एक मुलगा, ती बोलणारी मुलगी आणि आणखी एक, अशा तिघांना बोलावलं. त्यांनीच ठरवलं : पंगतीत त्याच्या शेजारी बसायचं, गणित अडलं की त्याला विचारायचं आणि शाळा सुटल्यावर वळणापर्यंत सोबत जायचं. यात कुठेही शौर्य नाही. पण 'याच्या शेजारी कुणी बसत नाही' हे चित्र मोडलं आणि हसणाऱ्यांतले अर्धे आपोआप गप्प झाले.

दुसरी कृती नकाशाची. मुलांच्या गटांना शाळेच्या आवाराचा साधा नकाशा काढायला सांगा आणि जिथे भीती वाटते तिथे लाल टिंब द्यायला सांगा. आमच्या नकाशांत मुतारीच्या मागची भिंत आणि पाण्याची टाकी लाल झाली होती. व्हरांड्यात आम्ही शिक्षक उभे राहतो तिथे एकही टिंब नव्हतं. म्हणजे आम्ही नेमके गरज नव्हती तिथे उभे होतो. दुसऱ्या दिवसापासून मधल्या सुट्टीत एक शिक्षक टाकीपाशी उभा राहू लागला.

तिसरी गोष्ट म्हणजे बोलायची वाक्यं. आपण मुलांना 'अन्यायाविरुद्ध आवाज उठवा' असं सांगतो, पण म्हणजे नेमकं काय बोलायचं ते सांगत नाही. मुलांकडूनच वाक्यं काढून घेतली. 'चल रे, खेळायला चल' (हे त्रास होणाऱ्याला म्हणून त्याला तिथून काढायचं), 'यात हसण्यासारखं काय आहे?', आणि काहीच जमत नसेल तर न हसता तिथून निघून मॅडमना सांगायचं. सांगणं म्हणजे चुगली नव्हे, हे मात्र आपल्यालाच पुन्हा पुन्हा सांगावं लागतं. मी फरक असा सांगते : कुणाला शिक्षा व्हावी म्हणून सांगितलं तर चुगली, कुणाचा त्रास थांबावा म्हणून सांगितलं तर मदत. सहावी-सातवीच्या मुलांना हे लगेच कळतं. आणि हो, एखादं मूल असं सांगायला आलं की त्याचं नाव वर्गात चुकूनही फोडू नका, नाहीतर पुढच्या वेळी कुणी येणार नाही.

इथे सावध राहा

मुलांना सामील करा म्हणताना एक धोका सांगितलाच पाहिजे, कारण त्यात उत्साही शिक्षकच जास्त सापडतात. आपण काय करतो, वर्गप्रमुखाला सांगतो, 'लक्ष ठेव आणि नावं लिहून दे.' किंवा मुलांचीच 'पंचायत' बसवून तिला न्याय करायला लावतो. ट्टोफी आणि फॅरिंग्टन या संशोधकांनी २०११ साली निरनिराळ्या देशांतले ४४ कार्यक्रम एकत्र तपासले. एकंदरीत या कार्यक्रमांनी छळ साधारण पाचव्या हिश्शाने कमी होत होता. पण ज्या कार्यक्रमांत मुलांमार्फत मध्यस्थी, मार्गदर्शन असं काम होतं, तिथे त्रास सोसणाऱ्यांचं प्रमाण उलट वाढलेलं दिसलं. या निष्कर्षावर अभ्यासकांत वाद आहे. पण मला त्यात आश्चर्य वाटत नाही. ज्याच्या हातात नावं लिहायची वही, तोच उद्याचा दादा होऊ शकतो. आणि पंचायतीसमोर उभं राहणं हे त्रास सोसलेल्या मुलासाठी पुन्हा एकदा सगळ्यांसमोर उभं राहणंच आहे. तेव्हा मुलांना सोबत करायला सांगा, निवाडा करायला नको. निवाडा आपलं काम आहे.

त्रास देणाऱ्या मुलाशी मी आता एकट्याशी बोलते, शांतपणे, पुरावा समोर ठेवून. 'का केलंस?' असं विचारत नाही, कारण त्याचं उत्तर नेहमी 'मस्करी केली' हेच येतं. 'हे थांबायला हवं. उद्यापासून काय वेगळं करशील?' असं विचारते आणि चार दिवसांनी पुन्हा बोलावते. त्याला 'गुंड' वगैरे नाव देऊ नका. नाव चिकटलं की पोरगं त्या नावाला जागतं.

बिहारचा एक प्रयोग

परदेशातली उदाहरणं ऐकून 'आपल्या साठ-साठच्या वर्गात हे कसं जमणार?' असं वाटतं. म्हणून बिहारचं उदाहरण. गोव्यात सुरू झालेल्या 'संगत' या संस्थेच्या संशोधकांनी नालंदा जिल्ह्यातल्या सरकारी माध्यमिक शाळांमध्ये 'सेहेर' नावाचा कार्यक्रम चालवला. २०१८ साली त्याचे निष्कर्ष 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आले. मुलांना मनातलं लिहून टाकण्यासाठी पेटी, भित्तिपत्रक, मुलांचे गट, कार्यशाळा, गरज असेल त्याला समुपदेशन असं त्याचं स्वरूप होतं. काही शाळांत हे काम खास नेमलेल्या, समुपदेशनाची पदवी नसलेल्या पण प्रशिक्षण दिलेल्या कार्यकर्त्याने केलं आणि काही शाळांत तिथल्याच शिक्षकाने. कार्यकर्ता होता तिथे शाळेचं वातावरण सुधारलं आणि छळही कमी झाला. शिक्षकाकडे काम दिलं तिथे मात्र फरक दिसला नाही.

हे वाचून मला आधी राग आला. मग आमच्याकडची यादी आठवली : निवडणुकीचं काम, सर्वेक्षण, ऑनलाइन माहिती, पोषण आहाराचा हिशेब. शिवाय ज्याच्या हातात मार्क आणि छडी (छडी कायद्याने बंद झाली, सगळ्या हातांतून नाही), त्याच्यापाशी मूल मन मोकळं कसं करील? शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ ने शारीरिक शिक्षा आणि मानसिक त्रास या दोन्हींना मनाई आहे. ज्या वर्गात शिक्षकच 'ए ढ गोळ्या' म्हणतात तिथे मुलांना चिडवू नका म्हणून सांगण्यात अर्थ नाही. तेव्हा गावातली शिकलेली एखादी ताई, माजी विद्यार्थी, शाळा व्यवस्थापन समितीतली एखादी समंजस आई आठवड्यातून एकदा मुलांशी बोलायला येऊ शकते का, ते जरूर बघा.

पालकांसाठी थोडं

मूल सहसा 'मला त्रास देतात' असं सांगत नाही. पोट दुखतं म्हणतं, डबा न खाता परत आणतं, वह्या-पेन हरवतात, शाळेला जायची वाट बदलतं. विचारताना 'तू काय केलं होतंस?' ने सुरुवात नको, आणि 'तूही दोन ठेवून दे' असंही नको. जे घडलं ते तारखेसह लिहून ठेवा आणि वर्गशिक्षकांना शांतपणे भेटा. समोरच्या मुलाच्या घरी परस्पर जाऊ नका, गावात त्याचं भावकीचं भांडण होतं आणि मूल बाजूला राहतं. व्हॉट्सॲपच्या गटात चिडवणं चालू असेल तर त्याचे स्क्रीनशॉट ठेवा. मोबाइल काढून घेऊ नका, नाहीतर पुढच्या वेळी मूल सांगणारच नाही. १०९८ हा बालकांसाठीचा मोफत मदत क्रमांक आहे, तो मुलांना पाठ असावा. प्रकार लैंगिक स्वरूपाचा असेल तर तो शाळेत मिटवायचा विषय नाही, २०१२ च्या पॉक्सो कायद्यानुसार कळवणं बंधनकारक आहे.

आणि एक, जरा अवघड. आपलं मूल हसणाऱ्यांत असेल तर? पालकसभेत मी विचारते, 'कुणाच्या मुलाला त्रास होतो?' तर हात वर येतात. 'कुणाचं मूल हसतं?' म्हटलं की एकही हात येत नाही.

तो मुलगा एप्रिलपर्यंत आमच्याकडे होता. 'कोप्या' हे नाव पूर्ण गेलं असं मी म्हणणार नाही, गटाबाहेरची दोन-तीन पोरं शेवटपर्यंत म्हणत होती. पण तो रोज येत होता. वार्षिक परीक्षेआधीच कारखाना बंद झाला आणि टोळी गेली. पुढच्या हंगामात ती या भागात आली नाही.

आता आम्ही दिवाळीच्या सुट्टीनंतर, नवी मुलं यायच्या आधीच, मराठीच्या तासाला एक काम करतो. फळ्यावर 'माझं' लिहायचं आणि प्रत्येकाने आपल्या घरात, आजोळी, मामाच्या गावाला काय म्हणतात ते सांगायचं. महं, माहं, माजं, सगळे शब्द फळ्यावर येतात. मग 'मूल', मग 'भाकरी'. यादी मोठ्या कागदावर लिहून भिंतीवर लावतो आणि खाली जागा रिकामी ठेवतो. नवं मूल आलं की त्याला उभं करून 'तुमच्याकडे काय म्हणतात सांग' असं विचारायचं नाही, ही मात्र काळजी घेतो. बाजूला पेन दोऱ्याने बांधलेलं असतं. पाच-सहा दिवसांनी कधीतरी मधल्या सुट्टीत त्या कागदावर नवा शब्द लिहिलेला दिसतो.